देवक वेगळं, रक्त मात्र एकच

आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात स्थळ आलं की पहिला प्रश्न ठरलेला, देवक कुठलं? कळंब, पंचपल्लव, सूर्यफूल, जे असेल ते, आपलं नि त्यांचं एक निघालं की विषय तिथंच संपला, कारण एक देवक म्हणजे भाऊबहीण. मग कूळ, मग गाव, मग पत्रिका काढून नाड बघायची, आणि हल्ली त्यात नवीन भर पडलीय ती रक्तगटाची, दोघांचा एकच नाही ना म्हणून. इतकं बारीक बघणारी आमची माणसं मामाची पोरगी करायची ठरली की मात्र काहीच बघत नाहीत. "घरातलीच हाय की, तिचं काय बघायचं?" असं म्हणून सुपारी फुटते.

मला या वाक्याबद्दलच लिहायचंय. मी बेळगावात एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, माहेर कणकुंबीच्या बाजूला जंगलपट्ट्यात, सासर शहरात, आणि दोन्हीकडं मामा-आत्याची लग्नं भरपूर झालेली. माझे आजी-आजोबासुद्धा आत्ये-मामे भावंडंच होते, त्यामुळं हे कुणाला नावं ठेवायला लिहीत नाहीये, आपल्या घरात काय चालतं ते आपल्याला कळावं एवढंच.

मागच्या पावसाळ्यात एक जोडपं सात-आठ महिन्यांचं बाळ घेऊन आलं. बाळ पांढरंफटक, पोट जरा पुढं आलेलं, दूध पिता पिता दमून झोपायचं. गावात दृष्ट काढून झाली होती, टॉनिक झालं होतं, शेवटी कुणीतरी रक्त तपासा म्हणालं तेव्हा हिमोग्लोबिन निघालं ४.५. आमच्याकडं एचपीएलसी नावाचं मशीन असतं, त्यात रक्तातलं हिमोग्लोबिन कुठल्या कुठल्या प्रकारचं आहे ते वेगळं होऊन ग्राफवर उंचवटे उठतात. पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्याला एफ म्हणतात, आणि जन्मानंतर पाच-सहा महिन्यांत ते ओसरून मोठ्या माणसाचं ए त्याची जागा घेतं. या बाळाच्या ग्राफवर एफचा एकच उंच डोंगर आणि ए जिथं असायला पाहिजे तिथं जवळजवळ सपाट माळ. थॅलेसेमिया मेजर. म्हणजे दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, जन्मभर, आणि त्या चढवलेल्या रक्तातलं लोह हृदयात नि लिव्हरमध्ये साठू नये म्हणून रोजचं औषध, किंवा जुळणारा दाता मिळाला आणि खर्च झेपला तर बोन मॅरो ट्रान्सप्लांट.

मग आईबापाचं रक्त घेतलं. दोघं ठणठणीत, बाप ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, आई शेतात राबणारी, आणि दोघांचंही ए-टू हिमोग्लोबिन ५ टक्क्यांच्या वर. ते साधारण ३.५ च्या खाली असतं. दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आजारी नाहीत पण आजाराचे वाहक. आई म्हणाली मला लग्नाच्या आधीपासनं रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या देतात, बाळंतपणातही दिल्या, पण वाढलं कधीच नाही. तिची जुनी फाईल उघडली तर सगळं तिथंच लिहून ठेवलेलं. लाल पेशींची संख्या भरपूर, पण पेशी आकारानं बारीक, एमसीव्ही म्हणजे पेशीच्या आकाराचा आकडा ६२. लोह कमी पडलं की पेशी बारीक होतात तशा सहसा संख्येनंही कमी पडतात, मायनरमध्ये मात्र बारीक असूनही संख्या चांगली असते, कधी जास्तच. ते दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले होते आणि इतक्या वर्षांत कुणी ते एकत्र वाचले नाहीत, गोळ्या तेवढ्या चालू ठेवल्या. मला त्या फाईलचा राग अजून जात नाही.

सोबत सासू होती. ती म्हणाली, "आमच्यात असलं कधी नव्हतं, हे हिच्याकडनंच आलंय." आणि ती सून कोण, तर त्या सासूच्याच सख्ख्या भावाची पोरगी.

आता हे होतं कसं ते नीट समजून घेऊ, कारण एकदा समजलं की दोष कुणाचा हा प्रश्नच उरत नाही.

आपल्या पेशीत शरीर कसं चालवायचं याची सगळी लिखापढी असते, साधारण २०,००० जीन्स, आणि जवळपास प्रत्येक जीनच्या दोन प्रती, एक आईकडनं एक वडिलांकडनं. शेताचा उतारा समजा. घरात एकाच उताऱ्याच्या दोन झेरॉक्स आहेत, एकीवर नंबराच्या जागी डाग पडलाय, तरी दुसरी स्वच्छ आहे, ती दाखवून तलाठ्याकडचं काम होऊन जातं. डागवाली प्रत ट्रंकेत तशीच पडून राहते, पिढ्यान् पिढ्या राहते, आणि घरच्यांना तिचा पत्ताही नसतो. अशा डाग पडलेल्या चार-दोन प्रती तुमच्या माझ्या सगळ्यांच्या ट्रंकेत आहेत, एकही डाग नाही असं घराणं कुठं नसतं, कितीही मोठं नाव असू दे. काम अडतं ते तेव्हाच, जेव्हा पोराच्या हातात आईकडनं आलेली प्रतही डागाची आणि बापाकडनं आलेलीही त्याच जागी डागाची.

बाहेरच्या घराण्यातली सून आली तर तिच्याकडंही डाग असतातच, पण ते बहुतेक वेगळ्या ओळीवर. मामाची पोरगी आणली तर दोघांच्या झेरॉक्स एकाच मूळ कागदावरनं निघालेल्या असतात, आजोबांच्या किंवा आजीच्या. मूळ कागदावर डाग असला तर दोघांकडं तोच डाग, त्याच जागी असायची शक्यता वाढते. एवढंच आहे त्यात, बाकी काही नाही. रक्त 'खराब' होत नाही, 'जवळचं रक्त आटतं' वगैरे जे म्हणतात तसंही काही होत नाही.

दोघं वाहक असले की प्रत्येक बाळंतपणात चार चिठ्ठ्या टाकल्यासारखं असतं. एका चिठ्ठीत दोन्ही प्रती स्वच्छ, दोन चिठ्ठ्यांत एक स्वच्छ एक डागाची म्हणजे आईबापासारखंच ठणठणीत वाहक मूल, आणि एका चिठ्ठीत दोन्ही डागाच्या. म्हणजे आजाराची शक्यता २५ टक्के, आणि ही प्रत्येक वेळी नव्यानं. पहिलं आजारी झालं म्हणजे पुढची तीन चांगली निघणार असा हिशोब लोक घालतात, तो चुकीचा आहे, चिठ्ठ्या दर वेळी परत डब्यात जातात. मी अशी घरं बघितलीत जिथं दोन लागोपाठ आजारी आणि अशीही जिथं चारही पोरं धडधाकट आणि त्यामुळं घराला कधी कळलंच नाही की दोघं वाहक होते.

जवळचं नातं किती फरक पाडतं तेही आकड्यात बघा, अवघड नाहीये. समजा एखादा डाग १०० माणसांत एकाकडं आहे. नात्यात नसलेली दोन माणसं लग्न करतात तेव्हा दोघंही वाहक असायची शक्यता १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० त एक, आणि त्यातनं आजारी मूल होण्याची चौथाई, म्हणजे ४०,००० त एक. आता मामाची पोरगी घ्या. पोरगा वाहक असायची शक्यता तीच, १०० त एक, पण तो वाहक असला तर त्याच्या मामेबहिणीकडं तोच डाग असायची शक्यता ८ त एक. गुणाकार केला की ३,२०० त एक. आणि आपल्याकडं, विशेषतः कन्नड भागात पण मराठी घरांतही काही ठिकाणी, सख्ख्या मामानं भाचीशी लग्न करायची पद्धत आहे, तिथं ८ च्या जागी ४ येतात, म्हणजे १,६०० त एक. आकडा वाढला पण तो कुठल्या कुठं गेला असंही नाही, हेही लक्षात घ्या. एरवी कुठल्याही जोडप्याला जन्मतः गंभीर दोष असलेलं मूल होण्याची शक्यता २-३ टक्के असते, आत्ये-मामे भावंडांत ती साधारण दुप्पट होते असं धरतात. म्हणजे १०० तली ९४-९५ बाळं तरीही चांगली. म्हणूनच तर "आमच्या आजीनं केलं, आईनं केलं, काय झालं?" असं म्हणणाऱ्याचं त्याच्या घरापुरतं खरं असतं.

पण एक गोष्ट आमच्याकडं हमखास सुटते. एकदा मामाची पोरगी केली हे वेगळं आणि तीन पिढ्या सलग तेच केलं हे वेगळं. आणि साटंलोटं झालेलं असेल, म्हणजे भाऊ-बहिणीनं दुसऱ्या घरातल्या भाऊ-बहिणीशी लग्न केलेलं, आणि मग त्यांच्या पोरांची आपापसात लग्नं लावली, तर ती पोरगी एकाच वेळी मामाचीही असते आणि आत्याचीही, आणि तिथला हिशोब ८ चा नाही, मामा-भाचीसारखा ४ चा होतो. पंगतीत लोक कौतुकानं सांगतात की दोन्हीकडनं नातं लागतंय, दुधात साखर. नातं दोन्हीकडनं लागतंय म्हणूनच तपासायला पाहिजे.

आता देवकाचं. देवक, कूळ, गोत्र ही सगळी बापाकडनं चालणारी ओळख. म्हणून चुलत बहीण ही बहीण, तिच्याशी लग्न म्हणजे पाप. मावसबहीणही बहीणच मानतात. पण मामाची पोरगी मामाच्या कुळातली, तिचं देवक वेगळं, म्हणून ती चालते, नुसती चालत नाही तर तिच्यावर हक्क सांगतात. जीन्सना मात्र हे कूळ-देवक काहीच कळत नाही. चुलत बहीण, मावसबहीण, आत्येबहीण, मामेबहीण, चौघींशी रक्ताचं नातं अगदी सारखं, तोच आठवा हिस्सा. आपल्या पूर्वजांनी जवळच्यांत लग्न नको ही गोष्ट ओळखली होती, माझं तसं प्रामाणिक मत आहे, पण मोजताना माप एकाच बाजूनं लावलं, आईकडची बाजू मोजलीच नाही. कायद्यातही १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सपिंड नात्यातलं लग्न चालत नाही, वडिलांकडनं पाच पिढ्या आणि आईकडनं तीन, पण जिथं रूढी आहे तिथं सूट, त्यामुळं आपल्याकडची ही लग्नं कायदेशीरच असतात. आणि ती किती आहेत म्हणाल तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कर्नाटकात साधारण चार विवाहित बायकांत एक नात्यात दिलेली निघाली, देशाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त. का देतात तेही सगळ्यांना माहीत आहे, जमीन बाहेर जात नाही, हुंडा-मानपान कमी, पोरगी ओळखीच्या घरात पडते, सासू आत्याच असली तर जाच कमी. ही कारणं खोटी नाहीत. गरिबाच्या घरात तर फार खरी आहेत.

बरं, मामाची पोरगी केली नाही म्हणजे सुटलो का? इथं आमच्या जंगलपट्ट्याची गोष्ट सांगायला पाहिजे.

कणकुंबी, गवाळी, आमगाव, जांबोटीकडचा भाग ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल. पावसाळ्यात ओढ्यांना पाणी आलं की काही वाड्या बाकीच्या जगापासनं तुटतात, पेशंटला डोलीत घालून आणावं लागतं. पूर्वी तर वर्षाचे चार महिने तसेच जायचे. अशा गावात सोयरीक कुठं होणार? चालत जाता येईल तिथं. वरच्या वाडीत, खालच्या वाडीत, फार तर चंदगडच्या बाजूला नाहीतर घाट उतरून गोव्याच्या सत्तरीत. गाव बसलं तेव्हा समजा सात-आठ घराणी आली होती, आजची ३०० माणसं त्याच सात-आठ घरांचा विस्तार. त्या पहिल्या माणसांत एकाकडं एखादा डाग असला, असा की बाहेरच्या जगात हजारांत एकाकडं सापडावा, तर या गावात तो पिढ्यांगणिक पसरून आठ-दहा माणसांत एकाकडंही असू शकतो. त्यात कुणाचं पाप नाही, पुण्य नाही, कुणाला जास्त पोरं झाली, कुणाची साथीत गेली, एवढ्यावर ते ठरतं. ८ त एक धरा. आता त्या गावातल्या दोन माणसांनी लग्न केलं, देवक वेगळं, कूळ वेगळं, आठवणीत कुठलंच नातं नाही, तरी हिशोब होतो ८ गुणिले ८ गुणिले ४, म्हणजे २५६ त एक. मघाच्या आत्ये-मामे भावंडांच्या ३,२०० पेक्षा कितीतरी वाईट. नातं आपण विसरलेलो असतो, रक्तात ते असतं.

याला शास्त्रात संस्थापक परिणाम म्हणतात, थोड्या मूळ माणसांपासनं मोठा समाज झाला की त्या थोड्यांचे डाग सगळ्यांच्या वाट्याला येतात. आणि भारतात गाव छोटं असायचीही गरज नाही, कारण आपण जातीतच लग्न करतो, त्यामुळं लाखोंचा समाजही आतनं एका मोठ्या वाडीसारखाच असू शकतो. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या आणि परदेशातल्या शास्त्रज्ञांनी मिळून २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६० हून जास्त समाजगटांचा अभ्यास छापला, त्यात ८१ गटांमध्ये हा परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंपेक्षाही जास्त निघाला, आणि जगात याच दोन लोकांचं उदाहरण पुस्तकात देतात. त्यातले काही गट दहा लाखांहून मोठे. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजाचं उदाहरण त्यात आहे, त्यांच्यात एका एन्झाइमची कमतरता बाकीच्यांपेक्षा खूप जास्त सापडते. एरवी त्या माणसाला आयुष्यभर काही होत नाही, पण ऑपरेशनच्या वेळी भूल देताना स्नायू ढिले करायचं एक ठराविक औषध दिलं की ते शरीरातनं लवकर जात नाही आणि श्वास बराच वेळ परत येत नाही. तिथले भूलतज्ज्ञ म्हणून आधी समाज विचारतात. जात विचारली म्हणून कुणाला राग यावा असा तो प्रश्न नाही, तो जीव वाचवायचा प्रश्न आहे.

यावरनंच कळेल की वंश माहीत असणं का कामाला येतं. आमच्याच खानापूर तालुक्यात सिद्दी लोक आहेत, हल्याळ-यल्लापूरकडं जास्त. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतनं आले, बरेचसे पोर्तुगीजांच्या काळात गुलाम म्हणून आणलेले, आणि आज ते आपल्यासारखंच कन्नड, मराठी, कोंकणी बोलतात. त्यांच्या जीन्सच्या अभ्यासातही आफ्रिकेतला बांटू लोकांचा वंश स्पष्ट दिसतो, त्यात मिसळलेला इथला. एकाच बाजाराला येणाऱ्या दोन वाड्यांच्या ट्रंकेत वेगवेगळे डाग असू शकतात, म्हणून शेजारच्या गावाला नाही तर आम्हालाही नाही असं धरता येत नाही. सिकलसेल म्हणून लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात त्या आजाराचंच बघा, त्याचा डाग आफ्रिकेत आहे तसा भारतातही बऱ्याच आदिवासी समाजांत आहे, १९५२ मध्ये तो इथं पहिल्यांदा निलगिरीत सापडला. हा डाग टिकून का राहिला, तर एकच प्रत असली तर मलेरियापासनं बचाव होतो, दोन झाल्या की आजार. जिथं मलेरिया होता तिथं डागवाली माणसं जास्त जगली. जंगलातल्या लोकांनी ज्या तापाशी हजारो वर्षं झुंज दिली त्याची ती खूण आहे, लाज वाटावी असं त्यात काय आहे? सरकारनं १ जुलै २०२३ पासनं सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू केलीय, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची, कर्नाटकही त्यात आहे. गावात तपासणीला आले तर रक्त द्या, कार्ड घ्या आणि ते आधारसारखं जपून ठेवा.

सगळे आनुवंशिक आजार या दोन प्रतींच्या नियमानं चालत नाहीत. काहींना एकच डागाची प्रत पुरते. शिवमोगा जिल्ह्यात सागर तालुक्यात हंडिगोडू म्हणून गाव आहे, तिथं १९७० च्या दशकात लोकांच्या कंबरेत-गुडघ्यांत दुखणं सुरू होऊन माणसं वाकडी होतात, काहींची उंचीच वाढत नाही, असं लक्षात आलं. आधी संशय आला भातशेतातले खेकडे खाण्यावर, शेतात कीटकनाशक मारलेलं म्हणून. नंतर घराण्यांचे तक्ते मांडल्यावर कळलं की आजार पिढीतनं पिढीत उतरतोय, आईला किंवा बापाला असला तर प्रत्येक पोराला निम्मी शक्यता. इथं मामाची पोरगी असो की परकी, फरक पडत नाही. आणखी एक प्रकार आईकडनं मुलाला येणारा, हिमोफिलिया, रंगांधळेपणा, एका प्रकारची मस्क्युलर डिस्ट्रॉफी. बाईला सहसा काही होत नाही, तिच्या मुलग्याला होतं, आणि विचारलं तर कळतं की मामालाही होतं. त्यामुळं मामाला काय झालं होतं, हा प्रश्न लग्न मामाच्या पोरीशी नसतानाही विचारायचा.

आणि जे आपण हौसेनं बघतो त्याचा यात काही उपयोग नाही, हेही बोलून टाकते. रक्तगट एकच असला म्हणून पोरांना काही होत नाही, लाखो जोडप्यांचा एकच असतो. बघायचं असलंच तर बाई निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह आहे का एवढं डॉक्टरांना सांगायचं, त्यावर इंजेक्शन आहे. नाडीचंही तसंच, पत्रिकेतली नाड जन्मवेळेवरनं निघते, ती आजोबांच्या कागदावरचा डाग सांगू शकत नाही. पत्रिका बघायची त्यांनी जरूर बघावी, पण तिला रक्ताची तपासणी समजू नये.

हे जुळवून बघता येतं का? येतं, आणि अश्केनाझी ज्यूंनी करून दाखवलंय. त्यांच्यात टे-सॅक्स नावाचा आजार होता, बाळ सहा महिने चांगलं वाढतं, मग हळूहळू बसणं, बघणं, गिळणं सगळं जातं आणि चार-पाच वर्षांत संपतं. एका धर्मगुरूनं स्वतःची पोरं या आजारात गमावली आणि १९८३ मध्ये एक व्यवस्था उभी केली. त्यांच्यातल्या कर्मठ लोकांतही आपल्यासारखी ठरवून लग्नं होतात. पोरापोरींचं रक्त शाळेतच घ्यायचं, नाव न लिहिता नुसता नंबर द्यायचा, कोण वाहक आहे ते कुणालाच सांगायचं नाही. स्थळ आलं की दोन्ही घरांनी फोन करून दोन नंबर द्यायचे, पलीकडनं एवढंच उत्तर, जुळतंय किंवा जुळत नाही. कुणाच्या पोरीवर शिक्का नाही. त्या समाजात आता हा आजार जवळजवळ दिसत नाही. मला हे इतकं आपल्यासारखं वाटतं की काय सांगू, मध्यस्थ असतातच आपल्याकडं, त्यांच्या वहीत एक रकाना वाढवायचा.

आपल्याकडं निदान एक टेस्ट आजही सहज होते. थॅलेसेमिया आणि सिकलसेल, दोन्ही त्या एचपीएलसीच्या एकाच नळीत कळतात, जांभळ्या झाकणाची नळी, उपाशीपोटी यायचीही गरज नाही. भारतात १०० त साधारण तिघं-चौघं थॅलेसेमियाचे वाहक असतात, म्हणजे तुमच्या गावच्या लग्नाच्या पंगतीत बसलेलेच असतात. लोह फार कमी असलं तर ए-टूचा आकडा जरा खाली दिसू शकतो, म्हणून एकट्या त्या आकड्यावर न जाता सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, सोबत दाखवा. दोघांपैकी एकच वाहक निघाला तर काही अडत नाही, बिनधास्त लग्न करा. दोघं निघाले तर लग्न मोडायलाच पाहिजे असं मी म्हणणार नाही, तो त्या दोघांचा निर्णय, पण मग दिवस राहिल्या राहिल्या डॉक्टरांना सांगायचं, ११ व्या आठवड्यानंतर वारेतला छोटा तुकडा घेऊन बाळाला आजार आहे का ते तपासता येतं. लिंग तपासणं गुन्हा आहे, हे तपासणं गुन्हा नाही, नोंदणी असलेल्या सेंटरमध्ये ते कायद्यानं होतं. आणि घरात आधी असं काही झालं असेल, बाळ लवकर गेलं, जन्मतः ऐकू येत नाही, चालता येईना झालं, तर तो आजार नेमका कुठला ते आजारी मूल हयात असतानाच शोधून कागदावर आणा, नंतर शोधायला काही उरत नाही.

पण सगळ्यात आधी लागतो तो घरचा तक्ता, आणि त्याला पैसा लागत नाही. आमच्याकडं हेळवी येतात, सुगी झाली की, पूर्वी बैलावर बसून घंटा वाजवत यायचे. चोपडी उघडून घराण्याची वंशावळ वाचतात, पणज्याचा पणजा कुठल्या गावाहून आला तेही सांगतात, आणि धान्य घेऊन जातात. मी लहानपणी तोंड उघडं टाकून ऐकायची. आता ऐकताना जाणवतं की चोपडीत आमच्या घरच्या पुरुषांचीच रांग आहे, पोरी कुठं दिल्या, किती पोरं गेली, ते नाही. ते बायकांच्या डोक्यात आहे.

म्हणून यंदा गणपतीला माहेरी गेले तेव्हा आत्तीला घेऊन बसले आणि एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागं घरचा तक्ता काढला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, लग्नाला एक रेघ, नात्यातलं लग्न असलं तर दोन रेघा, गेलेल्यावर तिरकी रेघ, आजारी असलेलं आत भरून काळं. आत्ती ८० च्या पुढं, पण तिला कोण कुणाला दिली ते तोंडपाठ. तासाभरात तीन पिढ्या कागदावर आल्या आणि दोन रेघा पाच ठिकाणी निघाल्या, मला तीनच माहीत होत्या. मग मी विचारलं लहानपणी कुणी गेलं काय. आधी नाही म्हणाली. जरा वेळानं वाती वळता वळता म्हणाली, "बारकी गेलेली पण काढायची काय गे?" मी म्हटलं होय आत्ती, ती तर पहिली. मग तिनं चार सांगितली. दोन तापानं. दोन वर्षाच्या आतच, "पांढरी पडत पडत गेली, अंगात रक्तच धरना झालं." ती दोन्ही माझ्या आजीच्या माहेरच्या फांदीवरची, आणि दोन्हीच्या आईबापामध्ये दोन रेघा.

त्या बाळांना नेमकं काय झालं होतं ते आता कुणी सांगू शकत नाही. पण कुणाचं रक्त आधी घ्यायचं ते त्या कागदावर दिसत होतं. त्या फांदीवर सध्या लग्नाचे पाच जण आहेत, त्यातली एक माझी पुतणी, तिच्यासाठी आत्येभावाचं विचारलेलं आहे. तिघांच्या नळ्या मी स्वतः येताना डब्यात बर्फ घालून आणल्या, उरलेले दोघं पुण्याला असतात, दिवाळीला येतो म्हणालेत.